जिनं केलं तिनं चाखायचं नाही

चेन्नईजवळ तांबरमला आमच्या मागच्या खोलीत आम्ही काहीजणी मिळून फराळाचं करतो आणि डबे मराठी घरांत पाठवतो. आमची जुनी खोड अशी, की देवाला दाखवल्याशिवाय घास तोंडात टाकायचा नाही. घरात ते शोभतं हो! पण इथे नैवेद्य होईतो डबे बंद झालेले असायचे. म्हणजे चाखलं कुणीच नाही. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "आमच्याकडे एकानं केलेलं दुसऱ्यानं बघितल्याशिवाय पुढे सरकत नसे. तुमचं सगळं देवावर." लागलं मला, पण खरंच होतं ते.

मग ठरवलं. आधी नैवेद्य, मग जिनं केलं तिला सोडून दुसरीनं चाखायचं. ती 'नको' म्हणाली तर डबा भरायचा नाही. चाखायचं काम दिलं सगळ्यात नव्या मुलीला. ती वेलचेरीहून यायची, शनिवारी, ऑफिसला सुट्टी असली की.

अक्का भडकल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या त्या, आमच्यात थोरल्या. करंजी करावी तर त्यांनीच. "अय्यो, काल आलेली पोर मला पास करणार?"

म्हणून मी पहिल्यांदा माझाच चिवडा पुढे केला. पोरीनं घास घेतला आणि खाली बघायला लागली.

"बोल की गं."

"काकू, मीठ थोडंसं..."

"थोडंसं की जास्त?"

"जास्त."

सगळ्या खो खो हसल्या. मी आणखी पोहे भाजून त्यात मिसळले. जग काही बुडालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या शनिवारी अक्कांच्या करंज्या. पोरीनं अर्धी खाल्ली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सारण खवट लागतंय."

"छे! अक्कांचं कधी खवट असतं का?" कोणीतरी म्हणालंच. मी चाखली. खोबरं खवटच होतं.

अक्कांनी एक करंजी फोडून नाकाशी धरली. कितीतरी वेळ. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला वासच येत नाही मा. मागे ताप आला होता ना, त्यानंतर गेला तो गेलाच."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून काजू मोडायला दिले असतेस. त्यापेक्षा घरी टीव्ही काय वाईट?"

खरं सांगते, मी अगदी तेच केलं असतं. मायेनंच केलं असतं, पण केलं असतं.

"अक्का, हात शाबूत आहे ना? तुमच्यासारखी मुरड कोण घालणार? वास घ्यायला ही आहे की."

अक्कांनी पदराला हात पुसले. पिशवी उचलली आणि गेल्या. करंज्या तशाच बाजूला राहिल्या. आठवडाभर माझा जीव टांगणीला, आता येतात की नाही.

शनिवारी आल्या, सगळ्यांच्या आधी. पण किसणीला हात लावेनात. पोरगी दारात आली, खांद्यावरची बॅगही उतरली नव्हती, तेवढ्यात अक्कांनी खोबऱ्याची वाटी तिच्या नाकाशी नेली.

"घे वास. आणि त्या काकूकडे बघू नकोस."

"छान आहे, आजी."

"छान काय? खवट आहे की नाही, तेवढं सांग."

"नाही."

अक्कांनी किसणी पुढ्यात ओढली.