शेवटून कापलेला भाग

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे जागा कमी पडली की बातमी शेवटून कापायची. महत्त्वाचं वर असतं, शेवटचा परिच्छेद गेला तरी वाचकाला कळत नाही. नाशिकमध्ये मी बरीच वर्षं हे केलं. पुढे प्रोग्रामिंग शिकलो, पण हाताची सवय गेली नाही.

संगीतरचनेचा एक मोफत प्रोग्राम मी वापरत असे. स्वर लिहायचे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड दाखवायची, की संगणक ती चाल वाजवतो. त्याचा कोड सर्वांना खुला होता, पण सांभाळणारा परदेशात राहणारा एकटाच गृहस्थ होता. आता जमत नाही, कुणी घेईल का, असं त्याने लिहिलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणाचं उत्तर आलं नव्हतं. त्याने सगळे अधिकार माझ्याकडे दिले आणि नंतरच्या पत्रांना उत्तर दिलं नाही.

कोडच्या अगदी शेवटी एक भाग होता. जुन्या पद्धतीने साठवलेल्या रचनांमधली मींड तो वाचत असे. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. जुन्या रचना आता कोण उघडणार, असं धरून मी तो कापला. नवी आवृत्ती बाहेर पडली. महिनाभर एकही तक्रार नव्हती.

मग प्रोग्राममध्ये दिलेल्या माझ्या नंबरवर दिंडोरीहून फोन आला. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी बोलत होते.

“साहेब, माझी गाणी सरळ झाली हो. मींडच गेली. जिना उतरल्यासारखं वाजतंय.”

मागून त्यांच्या सुनेचा आवाज आला. “अपडेटचं बटण दाबू नका म्हटलं होतं. पण नवीन काही दिसलं की दाबायचंच!”

“तू थांब गं. मी लगेच सगळी गाणी उघडून बघितली ना! स्वर जागच्या जागी दिसत होते. वाजवली ती आज.”

“सगळी उघडली?” मी विचारलं.

“एकेक करून. काही बिघडलं तर नाही ना, म्हणून.”

हा प्रोग्राम उघडलेली फाईल आपोआप नव्या पद्धतीने साठवतो. वाचता न आलेलं गळून जातं. गुरुजींनी खात्री करण्यासाठी उघडलेल्या प्रत्येक गाण्यातली मींड त्याच क्षणी पुसली गेली होती. दुसरी प्रत नव्हती. “कशाला? कंप्युटरमध्ये आहेच की,” ते म्हणाले.

कापलेला भाग मी त्याच दिवशी परत जोडला. गुरुजींना त्याचा उपयोग नव्हता.

रविवारी दिंडोरीला गेलो. गळा साथ देईनासा झाल्यावर त्यांनी आपल्या चाली प्रोग्राममध्ये उतरवल्या होत्या. “पेटीवर मींड निघत नाही, म्हणून तर तुमचं हे धरलं,” ते म्हणाले. ते गुणगुणत होते, मी मींडेच्या खुणा पुन्हा भरत होतो. आवाज मध्येच फाटे. दुपारपर्यंत एक गाणं झालं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात ते थांबले. तीच ओळ चार वेळा म्हणून पाहिली.

“इथे निषादावरून खाली येताना काहीतरी होतं. तुम्हीच बघा ना. प्रोग्राम तुमचाच आहे.”

पडद्यावर दोन स्वर शेजारी शेजारी होते. मध्ये काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

“मग सरळच ठेवा,” गुरुजी म्हणाले.

मी फाईल साठवली.