मांडावरची दुसरी ओळ

कोणी भुताखेतांचं सांगायला बसलं की मी उठून भांडी घासायला जाते. देवचार दिसला, राखणदार आडवा आला... आमच्या लाटंबार्से गावात असलं सांगणारे पुष्कळ आहेत. काजूच्या दिवसांत तर जास्तच, आणि बहुतेकांच्या तोंडाला हुर्राकाच्या दारूचा वास येतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच बरं वाटत नाही. पण घडलं ते दिवसाउजेडी घडलं आणि मी शुद्धीत होते.

घरात आम्ही तिघी. मी, माझी थोरली जाऊ – तिला मी बाय म्हणते – आणि माझी नात शर्वरी. शर्वरी एका कंपनीचं काम घरूनच लॅपटॉपवर करते. मुलगा-सून नोकरीला वास्कोला असतात.

बाय म्हणजे आमच्या वाड्यावरच्या ढालोंची पहिली ओळ धरणारी. ढालो हा पौषातला बायकांचा खेळ. अंगण शेणाने सारवायचं, दिवा लावायचा, मांड घालायचा – म्हणजे खेळाची पवित्र जागा मांडायची. मगच बायकांनी समोरासमोर दोन ओळींत उभं राहायचं. पहिली ओळ म्हणते, दुसरी झेलते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुसऱ्या ओळीत, बायच्या बरोबर समोर. पौष सरला की ती गाणी बंद. आमच्यात मांडाबाहेर कोणी ती तोंडातून काढत नाही.

गेल्या पौषात शर्वरीने सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड केली. शिगम्यानंतर बायला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळता येत होतं, पण भरवायला गेलं की ती दात आवळून बसायची. एकदा शर्वरीने लॅपटॉपवर सहज ढालोचं गाणं लावलं आणि बायने तोंड उघडलं. स्वतःचा आवाज ऐकत तिने वाटीभर पेज खाल्ली. मग रोज दुपारी तिला सोप्यावर कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसवायचं, गाणी लावायची आणि चमच्याने पेज घालायची. वाड्यावरच्या बायका कुरकुरल्या, पौष नाही आणि ढालो कसले? मी म्हटलं, "म्हणते ती मशीन. मशीनला कसला आलाय पौष?"

आता मुख्य गोष्ट. शर्वरी फायलींचं काम चित्रांवर टिचक्या मारून करत नाही. ती एक काळी खिडकी उघडते आणि हुकूम लिहिते. एल-एस लिहिलं की काय काय आहे त्याची यादी येते. एमके-डिर लिहिलं की नवा फोल्डर तयार होतो. एम-व्ही म्हणजे उचल आणि हलव. ती खिडकी "नक्की का?" असं विचारत बसत नाही. सांगितलं की केलं. मला ती आवडायची.

फोन भरला म्हणून शर्वरीने गाणी आधीच लॅपटॉपवर घेऊन फोनमधली पुसली होती. एक दिवस ती 'मांड' नावाच्या फोल्डरात नीट ठेवायला बसली. एकामागून एक सगळ्या फायली 'मांड'मध्ये हलव, असा हुकूम तिने दिला. क्षणात काम झालं. पण तो फोल्डर तिने केलाच नव्हता! केला असं तिला वाटलं होतं. फोल्डर नाही म्हटल्यावर त्या खिडकीला वाटलं, 'मांड' हे फायलीचं नवं नाव. पहिल्या गाण्याचं नाव मांड झालं. दुसऱ्याचंही मांड, म्हणून ते पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसलं. तिसरं दुसऱ्याच्या जागी. असं करत शेवटची एकच फाईल उरली, आणि तिच्यात गाणंसुद्धा नव्हतं. चहात साखर जास्त पडली म्हणून बायका भांडतायत, एवढंच.

शर्वरी रडली. डिचोलीच्या बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला लॅपटॉप दाखवून आली. तो म्हणाला, एकावर एक बसलेलं परत येत नाही.

दुपारी बायने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चमच्याने दात उचकटायला गेले तर तिने डाव्या हाताने वाटी उडवली. डॉक्टर येऊन बघून गेले. "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू," म्हणाले. नळी घातलेली माणसं मी पाहिली आहेत. हात बांधून ठेवावे लागतात.

शर्वरी लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसती बसली होती. मला राग आला.

"काय गो, मांड घातल्याशिवाय बायका उभ्या केल्यास. एकीच्या डोक्यावर दुसरी. आणखी काय होणार होतं?"

"आजी, प्लीज. हा कॉम्प्युटर आहे."

"मग कॉम्प्युटरात घाल. तुझा तो फोल्डर आधी कर."

"आता रिकामा फोल्डर करून काय करू?"

"नुसती बसली आहेस, त्यापेक्षा बरं."

माझं तोंड बंद व्हावं म्हणून तिने ती भांडणाची फाईल बाजूला काढली आणि एमके-डिर लिहून फोल्डर केला. एल-एस लिहून मला दाखवलंसुद्धा. "बघ. काही नाही." खरंच काही नव्हतं. मग ती आंघोळीला गेली. मी तिथेच खाली बसून काजूच्या बोंडांच्या बिया काढत होते, हात चिकाने माखलेले. लॅपटॉपला मी हात लावला नाही. दिवा लावला नाही, नारळ ठेवला नाही, मनातसुद्धा काही म्हटलं नाही.

शर्वरी केस पुसत आली आणि लॅपटॉप बंद करण्याआधी तिने परत एल-एस लिहिलं. यादी आली. सगळी गाणी तिथे होती.

"आजी, तू काय केलंस?"

"बिया काढल्या."

तिने पहिलं नमन लावलं. बायचा आवाज आला, खणखणीत. कदेलात बायने मान वर केली, तोंड उघडलं. मी धावत पेज आणली. पहिला चमचा गेला. मग आमच्या ओळीने झेलायची वेळ आली आणि... काहीच नाही. आमची पावलं ऐकू येत होती, बांगड्या ऐकू येत होत्या, दुसऱ्या ओळीचा आवाज तेवढा नव्हता. मग परत बायची ओळ. परत रिकामी जागा. शर्वरीने बाकीची गाणी लावून पाहिली. सगळ्यांत तसंच.

बायने तोंड मिटलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस? मी काय केलं?" मी म्हटलं.

शर्वरी हळूच म्हणाली, "आजी, तुझी जागा आहे ती. म्हण."

"वेडी आहेस? आता कसला पौष?"

"मग डॉक्टरांना फोन करू?"

मी म्हटलं. चैत्रात, सोप्यावर, हातात पेजेची वाटी. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि तिने तोंडावर हात ठेवला. ठेवू दे. बायने तोंड उघडलं.

नळी घालावी लागली नाही. तेव्हापासून रोज दुपारी मी म्हणते.

शर्वरीने तिच्या ऑफिसातल्या एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, रेकॉर्डिंगची एक बाजू उडाली असेल. मी विचारलं, मग आमची पावलं कशी राहिली? आणि पुसलेल्या फायली आल्या कुठून? तो म्हणाला, बघून सांगतो. अजून त्याने सांगितलेलं नाही. मलाही काही सांगता येत नाही, आणि देवचाराचं नाव घेऊन मी सुटका करून घेणार नाही.

काल मात्र एक गाणं म्हणताना मला ओळ आठवेना. बायने तोंड मिटलं. मी आठवत बसले, चांगला वेळ गेला. लॅपटॉपमध्ये पावलं जागच्या जागी वाजत राहिली, पण बायचा आवाज पुढे गेला नाही. शर्वरी माझ्याकडे बघत होती, मी लॅपटॉपकडे. मग मला ओळ आठवली. मी ती म्हटली, तेव्हा आतल्या बायने पुढची उचलली, आणि कदेलातल्या बायने तोंड उघडलं.