अकरा टोपल्या कोयी

झेल्फा माझी वहिनी, माझ्या भावाची, एबरची, बायको. ती या घरात आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. उगाच खोटं कशाला बोलू. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या आईची चूल उपटून पुन्हा बसवली, कारण म्हणे धूर घरात येत होता. येत होताच, पण आम्ही तो इतकी वर्षं गिळत होतो की नाही? असली बाई. एकदा डोक्यात घेतलं की बैल लावा नाहीतर इंजिन लावा, हलायची नाही.

एबर लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला तेव्हा त्यांचा मुलगा ऑरिन तिच्या कडेवर होता. आता ही माहेरी जाणार, असं आमच्या सगळ्या टॉलिव्हर गावानं धरून ठेवलं होतं. ती गेली नाही. उतारावरची पीचची बाग तिनं एकटीनं राखली, सासऱ्याला, आमच्या बाबांना, सांभाळलं आणि बिनलग्नाच्या नणंदेला, म्हणजे मला, टेनीलाही सांभाळलं. या तिन्हींत टेनीचं तोंड सांभाळणं सगळ्यात अवघड, असं बाबा म्हणायचे. बाबांचं काय जात होतं बोलायला.

आमच्या डोंगरात पीच मुरवतात ते कोयीसकट. अख्खं फळ सोलायचं, शिर्का, साखर, लवंग, दालचिनी घालून शिजवायचं आणि बरणीत भरून तळघरात ठेवायचं. कोय आत असली की फळ फाटत नाही आणि चवीला एक कडवटसर झाक येते. कोय काढून मुरवणं हे आळशी बायकांचं काम. पाहुण्यापुढे बिनकोयीचं पीच ठेवलं, तर तो निमूट खाईल आणि पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. आणि कुणाचे मनापासून आभार मानायचे असतील तर कोयीसकट मुरवलेली बरणी द्यायची, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ऑरिन १९१८ च्या वसंतात अमेरिकी फौजेबरोबर फ्रान्सला जर्मनांशी लढायला गेला. जायच्या सकाळी तो तळघरात उतरला आणि वरच्या फळीवरच्या बरण्यांवर हात ठेवून म्हणाला, "आई, ही फळी माझी. आत्यापासून जप."

"माझ्यापासून?" मी म्हटलं. "घोड्या, लहानपणी बरण्या कोण चोरत होतं?"

"म्हणून तर सांगतोय. चोराला चोराची नजर कळते."

झेल्फा हसली नाही. "आलास की खा," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून त्या फळीवरची धूळसुद्धा तिनं आम्हाला पुसू दिली नाही.

जुलैत लोहाराचा लॉइड परत आला. टॉलिव्हरमधून पहिला गेलेला तो. फ्रान्समध्ये खंदकात विषारी वायू सोडला तेव्हा त्याच्या तोंडावरचा मुखवटा फाटलेला होता. गाडीतून उतरून बापाच्या दुकानापर्यंत यायला त्याला तीनदा बसावं लागलं. झेल्फा त्याला भेटायला मक्याची भाकरी आणि काकवी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बागेत गवत काढताना एकदम म्हणाली, "टेनी, त्याला श्वास घेताना बघितलंस? शिट्टी वाजते."

थोड्याच दिवसांनी पोस्टाच्या भिंतीवर सरकारी कागद लागला. सैनिकांच्या मुखवट्याला एक नळी असते, ती नळी पत्र्याच्या डब्यात जाते आणि त्या डब्यात कोळसा असतो. विष तो कोळसा धरून ठेवतो आणि सैनिकाच्या नाकात स्वच्छ हवा जाते. हा कोळसा साध्या लाकडाचा चालत नाही, कठीण कोयीचा नाहीतर अक्रोडाच्या कवचीचा लागतो. एका मुखवट्याला टोपलीभर कोयी. सगळ्यांनी पीचच्या कोयी जमवाव्यात, सप्टेंबरअखेरच्या मालगाडीनं त्या जातील.

झेल्फानं तो कागद दोनदा वाचला. "रायफल, संगीन, पोलादी टोपी, ते सरकारनं बघावं," ती म्हणाली. "हे मात्र माझ्या अंगणात पडलंय. आपली अकरा पोरं तिकडे आहेत. अकरा टोपल्या तरी टॉलिव्हरमधून गेल्याच पाहिजेत."

मग काय विचारता. फळांचे डबे भरायच्या कारखान्यामागच्या ओढ्यात, डुकरांच्या वाड्यात, कुंपणाखाली, जिथे म्हणून कोय पडली असेल तिथे झेल्फा वाकलेली दिसायची. तिच्यामागे सगळ्या बायका लागल्या. महिन्याभरात चर्चच्या अंगणात कोयींचा ढीग माझ्या खांद्याला लागला. अकरा कुठल्या, तीसएक टोपल्या सहज निघाल्या असत्या.

आणि इथे आम्ही माती खाल्ली.

माझे बाबा, एनॉस प्रुइट, उभा जन्म कोळसा पाडत आले. आमच्या डोंगरातल्या प्रत्येक लोहाराच्या भट्टीत बाबांचा कोळसा. ढिगाकडे बघत ते म्हणाले, "सरकारला कोळसाच हवाय ना? मग कोयी कशाला पाठवायच्या? मी इथेच पाडून देतो. पाच पोत्यांचं एक पोतं होईल, गाडीत जागा वाचेल, तिकडच्या लोकांचे श्रम वाचतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली, पाद्रीबाबांनी डोलावली, झेल्फानंसुद्धा. कोळशाच्या डोंगरातली माणसं आम्ही. आम्हाला कोळसा कोण शिकवणार? बाबांनी मातीची भट्टी लावली आणि जीव ओतून तिची राखण केली. कोळसा निघाला तोही असा की हातात घेतला तर काचेसारखा वाजायचा. बाबा इतके खुश मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

सोमवारी कोयी गोळा करणारा सरकारी माणूस आला. शनिवारच्या गाडीआधी माल तपासायला. त्यानं पोतं उघडलं, मूठभर कोळसा काढला आणि त्याचा चेहरा पडला. माणूस भला होता, ओरडला नाही.

"आजोबा, कोळसा झकास आहे," तो म्हणाला. "पण हा चुलीचा. मुखवट्याचा वेगळ्या रीतीनं पाडतात, बंद लोखंडी भांड्यात, वर वाफ सोडून. तेव्हा कुठे तो विष धरतो. हा नाही धरणार. मला कच्च्या कोयीच लागतात."

"म्हणजे हे सगळं वाया?" बाबांनी विचारलं.

"मुखवट्याच्या दृष्टीनं, हो."

बाबा पोत्यावर बसले. त्यांचे काळे हात मांडीवर तसेच पडले होते. मी त्या भल्या माणसालाच चार शब्द सुनावणार होते, पण झेल्फानं माझं कोपर धरलं.

"गाडी शनिवारी ना?" तिनं विचारलं.

"शनिवारी दुपारी. पण बाई, हंगाम संपलाय. आता कोयी आणणार कुठून?"

"ते माझ्याकडे लागलं," झेल्फा म्हणाली.

मला तर तिचा रागच आला. झाडावर एक पीच नाही, जमिनीवर एक कोय नाही, अक्रोड अजून फांदीवर हिरवेगार, आणि ही म्हणते माझ्याकडे लागलं. घरी येईपर्यंत मी तोंड चालवत होते. ती सरळ तळघरात उतरली. मी वरून डोकावले तर ऑरिनच्या फळीसमोर उभी.

"वहिनी, नाही हं," मी म्हटलं.

"कोयी आहेत आत," ती म्हणाली. "गावातल्या प्रत्येक तळघरात आहेत."

"ती त्याची फळी आहे. तू शब्द दिलायस त्याला."

"तो आला तर खाईल ना," ती म्हणाली. मग तिनं सगळ्यात मोठी बरणी पुढे ओढली. "धर, टेनी. खालची बाजू धर, जड आहे."

बुधवारच्या प्रार्थनेला तिनं त्या बरण्या चर्चमधल्या लांब टेबलावर मांडल्या. प्रार्थना संपल्यावर झाकण उघडलं, एक पीच काढलं, सुरीनं चिरलं, कोय टोपलीत टाकली. मग दुसरं. सगळ्या बायकांना ठाऊक होतं ती फळी कुणाची.

"मी हे एकटीनं केलं तर एक टोपलीसुद्धा नीट भरत नाही," झेल्फा म्हणाली. "मला अकरा हव्यात. ज्यांना द्यायच्या नसतील त्यांच्यावर माझा राग नाही. पण द्यायच्या असतील तर उद्या द्या."

कोरा यंट उठली. कोराचे पीच दरवर्षी जत्रेत पहिले यायचे, निळी फीत तिच्याकडेच जायची आणि ती फीत स्वयंपाकघरात अशी टांगलेली असायची की चहाचा कप घेताना तुमच्या नाकाला लागावी. "जत्रा आठवड्यावर आलीय," ती म्हणाली. "माझ्या बरण्यांवर नाव घालून झालंय. आणि माझं कुणी तिकडे नाहीये."

"बरं," झेल्फा म्हणाली आणि पुढचं पीच उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात बरण्यांची रांग लागली. बायका चिरत होत्या, गाडगी भरत होती, सगळ्या टॉलिव्हरला लवंगेचा वास. फळांचं करायचं काय? अर्धी पुन्हा उकळून बरण्यांत भरली, अर्धी लोकांनी खाल्ली. पाद्रीबाबा रोज तीन घरी जेवत होते, शुक्रवारी त्यांच्या पोटानं संप पुकारला.

पण शिर्क्यात मुरलेल्या कोयी ओल्या आणि माल कोरडाच हवा. ऊन तर दोन दिवस गायब. चुलीत भाजाव्यात तर जळायची भीती. झेल्फा बाबांकडे गेली. सोमवारपासून ते कोठारामागे बसून होते, जेवायलाही नीट येत नव्हते.

"बाबा, मला मंद आच हवी," ती म्हणाली. "धूर नको, ज्वाळ नको. असा कोळसा आहे का कुणाकडे?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, तीच नाकारलेली पोती ओढत आणली, चर पाडून त्यात कोळसा पसरला, वर जाळी टाकली. त्यांचा तो काचेसारखा वाजणारा कोळसा दिवसभर एकसारखा फुलत राहिला. कोयी एकेक करून ते बोटांनी फिरवत होते. एक कोय करपली नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमाराला दहा टोपल्या भरल्या. अकरावीचा नुसता तळ झाकला होता. झेल्फा उकिडवी बसून त्या टोपलीकडे बघत होती. तिच्या सुरीच्या हाताला चिंधी बांधलेली, डोळे लाल. "अकराच पोरं आहेत," ती मला म्हणाली. "कुणाची टोपली सोडू, सांग."

तेवढ्यात कुंपणापाशी ढकलगाडी कुरकुरली. कोरा यंट. गाडीत जत्रेच्या बरण्या, नावाच्या चिठ्ठ्यांसकट.

"माझ्याकडे बघत बसू नका," ती म्हणाली. "सुरी द्या. आणि एक सांगून ठेवते, यंदा जत्रेत कुणीही कोयीचं पीच ठेवायचं नाही."

"ठेवायला उरलंय कुणाकडे?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे एखादी लपवलेली असेल, टेनी. तुला मी ओळखते."

अशानं अकरावी भरली. शनिवारी त्या माणसानं टोपली हुंगली. "याला लवंगेचा वास का येतोय?"

"तुम्हाला कोरड्या हव्या होत्या," झेल्फा म्हणाली. "कोरड्या आहेत. चढवा." त्यानं चढवल्या.

सहा आठवड्यांत युद्ध थांबलं. पोस्टमास्तर दात काढत म्हणाला, "झेल्फा, तुझ्या कोयी कोळसा व्हायच्या आतच जर्मन घरी गेले." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. झेल्फा म्हणाली, "नसतील लागल्या कुणाला, तर बरंच झालं."

अकरा पोरांपैकी नऊ आली. ऑरिन मे महिन्यात आला, हाडकुळा, कमी बोलणारा, पण श्वास साफ. मी पहिल्या रात्रीच दाराला कान लावून ऐकला. शिट्टी नव्हती. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

जेवताना झेल्फानं पीच वाढले. त्यानं सवयीनं जपून चावा घेतला, जिभेनं चाचपलं, थांबला.

"आई, कोय कुठाय?"

बाबांनीच सगळं सांगितलं, आपल्या भट्टीसकट, एक शब्द न लपवता. ऑरिन ऐकत होता. "माझी फळी पहिली उघडलीस?" त्यानं विचारलं.

"पहिली," झेल्फा म्हणाली.

तो उठला, खुंटीवरची कापडी पिशवी आणून टेबलावर ठेवली. मुखवटा होता. रबरी कापडाचा चेहरा, काचेचे दोन डोळे, नळी, डबा. "हा दोनदा लावावा लागला," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी शेजारच्याचा वेळेत बसला नाही."

बाबांनी छिन्नीनं डबा फोडला आणि आतला कोळसा तळहातावर ओतला. बारीक, काळे दाणे. खिडकीच्या उजेडात धरून ते खूप वेळ बघत राहिले. "माझ्याहून चांगला पाडलाय," ते म्हणाले.

"पण तो आपल्या कोयींचा नाही, आजोबा," ऑरिन म्हणाला. "जहाजावर चढायच्या आधीच मिळाला होता मला. आईच्या कोयी तेव्हा तळघरात बरण्यांतच होत्या. दुसऱ्याच कुणीतरी जमवलेल्या कोयींचा आहे हा."

झेल्फानं एक दाणा उचलला, बोटांत फिरवला. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"कुठली बाई असेल?" तिनं विचारलं.

"ते कसं कळणार, आई?"

"कळायला हवं होतं," ती म्हणाली. "या हंगामात तिला एक बरणी पाठवली असती. कोयीसकट."