पॉलिसीत नसलेले दाजी

मला अहमदाबादच्या विमानतळावर सोडायला सगळे निघाले त्या दुपारी दाजींच्या व्हॅनमध्ये आम्ही आठजण होतो. पासिंग पाचाचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. करजणच्या बाजूच्या कारखान्यांत शिफ्टची माणसं ने-आण करण्यावर त्यांचा संसार चालायचा, आणि वीस वर्षांत त्यांच्या गाडीनं कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी पोलिसानं हात दाखवला. दाजींनी काच खाली केली, मागे माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "अमारा साहेब फॉरेन जाय छे. आखा खानदानमां पेहला ग्रॅज्युएट!" पोलिसानं वाकून मला पाहिलं, हसला आणि म्हणाला, "जवा दो."

गाडीत सगळे टाळ्या पिटायला लागले. माझ्या मांडीवर ताईची आर्या होती, पाच वर्षांची. तीही पिटायला लागली. माझी मान ताठ झाली होती. बडोदं मागे पडलं याचं मला काडीचं दुःख झालं नाही, हे इथेच सांगून टाकतो. निघताना डोळ्यांत पाणी आलं वगैरे जे लोक लिहितात त्यांचं आलं असेल. मी सुटलो होतो.

अप्पा अमळनेरहून बडोद्याला आले ते एका केमिकल कारखान्यात फिटरचे हेल्पर म्हणून. आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. त्यांना एकच कागद ठाऊक होता, माझी डिग्री. ती त्यांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती, देवांच्या वर. बाकी कागदांची त्यांना फिकीर नव्हती. आमची स्कूटर डभोईच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. ते गृहस्थ वारले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, तरी स्कूटर त्यांच्याच नावावर पळत होती. तिच्यावर अप्पा कामाला जायचे, ताई नर्सिंगच्या छोट्या कोर्सला, मी कॉलेजला. शेजारच्यांकडे कुणी आजारी पडलं तर शेजारी. मी एकदा म्हणालो, अप्पा, नावावर करून घेऊ. ते म्हणाले, "गाडी चालवणाऱ्याची असते. डिग्री तेवढी नावाची पाहिजे."

इंग्लंडमधली पहिली सहा वर्षं मी बसनं काढली. मग लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली. रोज तीन-चार इमारती फिरायच्या, गाडीशिवाय कामच नाही. तिथली ड्रायव्हिंगची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो आणि एक जुनी निळी हॅचबॅक घेतली.

जे आता जाताय त्यांनी हे वाचा. तिथे गाडी घेतली की विकणारा तुमचं नाव सरकारला कळवतो आणि हातात एक हिरवी चिठ्ठी देतो. काही दिवसांनी पोस्टानं लॉगबुक येतं. त्यावर छापलेलं असतं की हा कागद मालकीचा पुरावा नव्हे. गाडी सांभाळतो कोण, एवढंच त्यावरून कळतं. मला हे फार आवडलं होतं. म्हटलं, काय देश आहे, मालक कोण हे विचारत नाही, जबाबदार कोण हे विचारतो. विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर हलवायची नाही, घरासमोरसुद्धा नाही. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. आणि विमा गाडीचा नसतो. माणसाचा असतो. पॉलिसीत ज्याचं नाव, त्यानंच स्टिअरिंगला हात लावायचा. लॉगबुक आलं त्या दिवशी ते आणि पॉलिसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली लिहिलं, सगळं माझ्या नावावर.

पुढच्याच वर्षी ताई आली. तिथल्या वृद्धाश्रमात काम मी शोधून दिलं, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी मी फोनवर करून घेतली. तेव्हा मला वाटायचं, बघा, मी खेचून आणलं सगळ्यांना. दाजींनी व्हॅन विकली आणि तिच्यासोबत आले. आर्या अप्पांपाशी बडोद्याला राहिली. या दोघांचं बस्तान बसलं की जूनमध्ये तिला आणायचं ठरलं होतं. तिच्यासाठी माझ्या घरातली लहान खोली मोकळी केली होती.

दाजींचं बडोद्याचं लायसन्स तिथे वर्षभर चालत होतं. माझ्या पॉलिसीत मात्र ते चालत नव्हते. त्यांचं नाव घालायचं तर फॉर्म होता. किती अपघात केले? कधी शिक्षा झाली? दृष्टी कशी आहे? फिट येते का? आता घरच्या जावयाला समोर बसवून हे विचारायचं? आपल्याकडे जावयाला पाणी देतानासुद्धा तांब्याखाली ताटली ठेवतात. आणि सगळं खरंच सांगायचं तर नाव घातल्यावर हप्ता जवळजवळ दुप्पट होत होता. लाजेचं कारण खोटं नव्हतं, पण हेही होतं. मी नाव घातलं नाही. आणि "दाजी, गाडीला हात लावू नका" असंही म्हणालो नाही. ते तर जिभेवरच आलं नसतं.

मी म्हणालो ते याच्या उलटच. नोव्हेंबरात ताईच्या सकाळच्या पाळीची बस दोनदा चुकली. तिसऱ्या दिवशी जड सामानासाठी मला कंपनीची व्हॅन मिळाली होती, ती घेऊन मी निघालो होतो. दारात बूट घालता घालता चावी दाजींच्या हातात दिली. म्हणालो, "ठेवा. लागली तर न्या."

दाजी हसले. "साहेबांची गाडी? फुलासारखी चालवतो बघा."

फुलासारखीच चालवली. ताईला सोडून येताना ते गोल चौकात नियमाप्रमाणे थांबले आणि मागून एका बाईंची गाडी येऊन आदळली. चूक त्या बाईंची. त्या उतरल्या, रडल्या, चार वेळा सॉरी म्हणाल्या. दाजींनीच त्यांना धीर दिला, "नो प्रॉब्लेम, मॅडम." मग पोलीस आले. त्यांनी नंबर पाहिला, नाव विचारलं आणि कळलं की ज्याला धक्का बसला त्याच्याकडेच विमा नाही.

मी एका दवाखान्याच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो. फोन आला. पोलीस नम्र होता, तिथले असतात. त्यानं विचारलं, गाडी तुमची का? हो. हे गृहस्थ तुमच्या माहितीचे का? हो, बहिणीचे यजमान. मग म्हणाला, "डिड ही हॅव युअर परमिशन?"

एवढाच प्रश्न. मला तो प्रश्न मराठीत विचारला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, असं काही दिवस मी स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मला तो प्रश्न पूर्ण कळला होता, आणि त्याची दोन्ही उत्तरंही. 'हो' म्हटलं तर विमा नसलेल्याला गाडी दिली म्हणून माझ्या लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट. परीक्षा पास होऊन मला दोन वर्षं झाली नव्हती, आणि नव्या ड्रायव्हरचं लायसन्स सहा पॉइंटांवर रद्द होतं. लायसन्स गेलं की नोकरी. नोकरी गेली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज, जो महिनाभरात भरायचा होता. हे सगळं मी श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत मोजलं. शिकलो होतो ना.

मी म्हणालो, "नो."

पलीकडे पोलिसाचा फोन स्पीकरवर होता हे मला मागून कळलं. दाजींना इंग्रजी फारसं येत नाही. पण 'नो' कुणाला कळत नाही?

पोलिसानं त्यांच्याकडे वळून विचारलं. दाजी म्हणाले, "यस सर. ही इज राइट. आय टेक." कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेली, असा तिथे सरळ गुन्हा आहे. तो त्यांनी रस्त्यावर उभ्या उभ्या अंगावर घेतला.

संध्याकाळी ताई मला म्हणाली, "उद्या जाऊन सांग. घाबरलो होतो म्हण. माफी माग. आपण सगळे मिळून सोसू."

मी म्हणालो, "मग तिघंही घरी जाऊ. मी राहिलो तर तुम्हाला परत आणू शकेन."

"तू राहिलास तर," ती म्हणाली.

दाजी शेगडीपाशी चहा करत होते. पाठ न वळवता म्हणाले, "राहू दे गं. साहेबांनी बराबर हिशेब केला. एक जाण्यापेक्षा तिघं जाण्यात कसला शहाणपणा?" आणि तीन कप भरले. एवढी वर्षं ते मला साहेब म्हणत आले, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दाची भीती वाटली.

कोर्टात त्यांना दंड झाला, गाडी चालवायला बंदी झाली. मी वकील दिला, चांगला दिला. त्यानं सांगितलं की तुम्ही संमती दिली होती असं आताही लिहून दिलंत तर यांचा गुन्हा निघून जाईल. मी म्हणालो, बघतो. बघितलं नाही. सहा महिन्यांनी दाजींच्या व्हिसाच्या मुदतवाढीच्या अर्जात पोलिसांची नोंद पुढे आली आणि तो फेटाळला गेला. ताईचा व्हिसा तिच्या कामावर होता, ती राहू शकली असती. तिनं राजीनामा दिला आणि दोन बॅगा भरल्या. आर्याचा जून तसाच निघून गेला.

बडोद्यात बातमी त्यांच्या आधी पोचली. घडियाळी पोळ म्हणून जुन्या शहरातली गल्ली आहे, तिथे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तर तिथला दुकानदार पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "दाजी, आमची सायकल बाहेरच उभी आहे हो. आत घेऊ का?" सगळे हसले. दाजीही हसले. पुन्हा व्हॅन घ्यायला ऐपत उरली नव्हती, आणि दुसऱ्याची गाडी चालवायला मागायची तर मालक आधी तोच किस्सा विचारायचा. आता ते एका कारखान्याच्या गेटवर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात.

मला कायमचं वास्तव्य मिळालं, पुढे नागरिकत्वही मिळालं. त्या अर्जात माणसाचं वर्तन चांगलं असावं लागतं, हे तपासतात. माझं तपासलं. लायसन्सवर एक डाग नाही, कोर्टात कधी नाव नाही. पास झालो.

गेल्या हिवाळ्यात बडोद्याला गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा ताईनं जेवायला बोलावलं. अप्पा होते, ते आता ताईकडेच राहतात. दाजी ड्युटी बदलून आले होते. उंधियू, पुऱ्या, माझ्या आवडीचं वरण. बोलणं हवेचं, बाजारभावाचं, नव्या पुलाचं. मग आर्या, आता दहावीत, उंच, बापाच्या चेहऱ्याची, एकदम म्हणाली, "मामा, एक विचारू? पप्पांनी तुमची गाडी खरंच चोरली होती?"

"आरू, जेव," दाजी म्हणाले.

"नाही, मला मामांकडून ऐकायचंय. शाळेत पण म्हणतात."

अप्पांनी घास खाली ठेवला. त्यांना कुणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. पण यावेळी मी बोललो. म्हणालो, "नाही. चावी मीच दिली होती त्यांना. माझ्या हातानं. पोलिसाला मी खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं की हे एकदा बोललो की काहीतरी सैल होईल. कुणी रडेल, दाजी खांद्यावर हात ठेवतील. आर्या माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं बापाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत इतका राग मी कधी पाहिला नव्हता. तो त्यांच्यावरही होता. तुम्ही का अंगावर घेतलंत, असा.

ताईनं आवाज चढवला नाही. वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"बघ, किती सोपं होतं," ती म्हणाली. "इथं खरं बोलायला तुझं काय जातं विजू? तिथं बोलला असतास तर गेलं असतं. म्हणून तिथं नाही बोललास. आता तुला बरं वाटावं म्हणून आमच्या पोरीला हे ऐकायला लागलं. भात वाढू?"

अप्पा उठले. हात न धुताच बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी भात घेतला. ताक मागितलं, तेही तिनं दिलं. पानात काही टाकलं नाही.

बडोद्यातून मला अजूनही फोन येतात, कुणाच्या मुलाचं, कुणाच्या भाच्याचं तिकडे काही जमेल का म्हणून. गाडीचं विचारलं तर मी नीट सांगतो. नाव घाला, सगळ्यांची घाला, सासरा असो की जावई. परत यायचं मनात येतं का, हेही विचारतात. त्याला मी उत्तर देत नाही. त्या देशाच्या लेखी मी चांगल्या वर्तनाचा माणूस आहे, तसा शिक्का आहे माझ्यापाशी. घडियाळी पोळीतल्या दोन खोल्यांत चार माणसं अशी आहेत ज्यांना ठाऊक आहे की मी तसा नाही. घर म्हणाल तर आता ती चार माणसं. आणि त्यांनी मला पुन्हा जेवायला बोलावलेलं नाही.