फक्कीचं हॉटेल

सिस्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नाही. नवराही सिस्टरच म्हणतो. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. टाके ठणकत असताना 'काही नाही हो, बरं आहे' म्हणणारा पेशंट त्यांना दारातूनच ओळखू यायचा, आणि मग त्याची धडगत नसायची. "दुखणं लपवल्याबद्दल इथे कुणाला बक्षीस मिळालंय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

आणि ह्याच बाई दोन वर्षांपासून स्वतःचे गुडघे नवऱ्यापासून लपवत होत्या. त्यात त्या इतक्या तयार झाल्या होत्या की विचारू नका. बाजारात जाताना दर चार दुकानांनंतर त्यांना काहीतरी भाव विचारायचा असे, आणि भाव विचारताना दुकानाच्या फळीवर हात टेकता येई. जिना चढायचा झाला की "किल्ली तुमच्याकडे आहे, तुम्ही व्हा पुढे," म्हणायचं, आणि मग कठडा धरून एकेक पायरी. चपलेचा पट्टा तर दिवसातून दहा वेळा सुटायचा. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे कपाटात जाड पांघरुणांच्या खाली होते. डॉक्टरांनी वर्षभरात दोन्ही बदलून घ्या म्हणून सांगितलं, त्यावर सिस्टर "बघू" म्हणाल्या. हेच उत्तर एखाद्या पेशंटने दिलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता.

लपवायचं कारण घरातच वावरत होतं. त्यांचे यजमान जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मोजणीदार म्हणायचे. माणूस सोन्यासारखा, पण काळजी करायला बसला की उठायचा नाही. सिस्टरना साधी सर्दी झाली तर त्यांनी ठरलेली सहल रद्द केली होती, दोनदा. गुडघ्यांचं कळलं असतं तर बाईंना त्यांनी पलंगावरून खाली उतरू दिलं नसतं. एकतीस वर्षं पलंगाच्या शेजारी उभं राहिलेल्या बाईला पलंगावर जायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

मोजणीदारांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. नोकरीत साखळी धरून हिंडले, पुढे यंत्रं आली, पण पावलांनी मोजायची सवय काही गेली नाही. दुधाचं केंद्र दोनशे दहा पावलं, बँक सहाशे चाळीस, लेकीची जुनी शाळा नऊशे पाच. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले, तेव्हा बागेला फेरी मारून होईपर्यंत हा गृहस्थ तोंडातून अक्षर काढेना. शेवटी फाटकापाशी थांबून म्हणाला, "सहाशे ऐंशी." सिस्टरना वाटलं, पगार सांगतोय.

मोजायचं म्हणून ते नेहमी दोन पावलं पुढे चालायचे. मागे बघितलं की मोजणी चुकते, असं त्यांचं म्हणणं होतं.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिने फोनवर सांगितलं, "आई, आता ऐकायची नाही मी. तिकिटं माझ्याकडून. कुठे जायचं ते तू सांग." सिस्टरनी डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "ते कॅसिनोचं शहर."

मोजणीदारांनी हातातला कप खाली ठेवला. ज्या बाईने आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, तिला जुगाराच्या गावाला जायचं होतं. कारण विचारलं तर सिस्टर नुसत्या हसल्या. लेकीने दोन हॉटेलं काढली आणि दोन्हींचे नकाशे पाठवले. एक शहराच्या ऐन मध्यावर, वर खोल्या आणि खाली अख्खा कॅसिनो. दुसरं शहराबाहेर, तीन मजली, पुढे बाग, बस थेट फाटकाशी. "रविवारी दुपारपर्यंत काय ते सांगा, मग मी पैसे भरते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

"बाहेरचं," मोजणीदार लगेच म्हणाले. "बाग आहे. शांतता आहे."

"शांतता इथेही आहे," सिस्टर म्हणाल्या. "मला मधलंच हवं."

तीन दिवस दोघांची ही हुज्जत चालली. सिस्टर हट्टाला पेटल्या होत्या खऱ्या, पण मनातून धास्तावलेल्याही होत्या. मधल्या हॉटेलच्या नकाशात लिफ्टपासून रस्त्यापर्यंतची वाट पाहून त्यांचे गुडघे बसल्या जागी कुरकुरले होते. इकडे मोजणीदार भिंग घेऊन तोच नकाशा वाचत होते. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, ते दाखवणारा नकाशा होता, म्हणून त्यावर माप दिलेलं होतं. माप दिसल्यावर हा माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"एक रेघ सरळ नाही," ते वैतागून म्हणाले. "दार समोर दिसतंय, आणि वाट बघ, या टेबलाला वळसा, त्या मशीनला वळसा. मुद्दाम केलंय. लिफ्टपासून दारापर्यंत तीनशे चाळीस पावलं."

"मग? बाजार याहून लांब आहे."

"बाजारात असे वळसे नाहीत. कागदावर भांडून काही होत नाही. जमिनीवर आखू."

"कशाला उगाच तमाशा," सिस्टर म्हणाल्या, पण मोजणीदार तोपर्यंत चपला घालून लेकीच्या जुन्या शाळेकडे निघालेही होते.

रविवारी सकाळी सिस्टर शाळेच्या मैदानावर पोचल्या तेव्हा त्या बघतच राहिल्या. खेळाच्या सरांकडून मैदान आखायची पांढरी फक्की मागून घेऊन मोजणीदारांनी अख्खं हॉटेल जमिनीवर उतरवलं होतं. लिफ्ट, तिकिटाची खिडकी, गोल टेबलं, मशीनच्या रांगा, आणि मधून सापासारखी वळत गेलेली वाट. पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात बाहेरचं हॉटेलही आखलेलं होतं. तिथे बस थांबा आणि खोली यांच्यात साठ पावलं. रोज सकाळी फिरायला येणारे निवृत्त पोस्टमन मध्येच उभे राहून विचारत होते, "मी कुठून जाऊ?"

"तुम्ही जुगाराच्या टेबलावर उभे आहात," मोजणीदार म्हणाले. "आधी खाली उतरा."

पोस्टमन गुमान बाजूला झाले. मोजणीदार दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "ये सिस्टर. मी मोजतो."

सिस्टर लिफ्टच्या चौकोनातून निघाल्या. पहिली पन्नास पावलं बरी गेली. मग त्यांना सवयीने काहीतरी धरायला हवं झालं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे दुकान नाही, कठडा नाही, भाव विचारायला कुणी नाही. या हॉटेलच्या भिंती नुसत्या रेघांच्या होत्या, आणि रेघेला हात टेकता येत नाही. त्या खाली बघून चालत राहिल्या. डाव्या गुडघ्यात कळ आली, मग उजव्या. समोरून नवऱ्याचा आवाज येत होता, एकशे साठ, एकशे सत्तर, खणखणीत आवाज, शेताच्या मोजणीत आकडा पुकारावा तसा.

एकशे नव्वदला त्या थांबल्या. पाऊल पुढे पडेना आणि मागेही घेता येईना. चपलेचा पट्टा सुटल्याचं निमित्त करून वाकायचं म्हटलं तरी वाकता आलं नसतं.

मोजणीदारांच्या हिशेबाने एकशे नव्वदला त्या निम्मा हॉल ओलांडून यायला हव्या होत्या, आणि त्या तर पहिल्या टेबलाच्या वळणावरच उभ्या. "कुठेतरी चुकलंय माझं," असं पुटपुटत ते फीत घेऊन आले. बायकोची चूक असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही, याचं सिस्टरना त्या अवस्थेतही कौतुक वाटलं. मोजणीदारांनी लिफ्टपासून वाट पुन्हा मोजली. मोजत मोजत ते सिस्टरच्या जवळ पोचले आणि तिथे त्यांची नजर मातीवर गेली.

मातीत सिस्टरच्या चपलांचे ठसे होते. एकाला एक लागून, चवड्यापुढे लगेच टाच. मोजणीदार उकिडवे बसले. एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत त्यांनी वीत टाकली, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. दीड वीत, क्वचित त्याहूनही कमी. सिस्टरना आता उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांनी खाली बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात ठेवता ठेवता अंगाचा सगळा भारच त्यावर गेला. खांदा जरासुद्धा हलला नाही.

"कधीपासून?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि मी पुढे चालत होतो."

सिस्टरना वाटलं, आता संपलं. आता हा उठेल, लेकीला फोन करेल, तिकिटं रद्द होतील आणि आपण पलंगावर. पण मोजणीदारांनी उठून त्यांचा दंड धरला आणि त्यांना सावकाश टाकीकडे नेलं. टाकीला बसण्याजोगा ओटा होता. वाटेत ते एकदाही पुढे गेले नाहीत, आणि त्यांचे ओठही हलत नव्हते.

दोघं ओट्यावर टेकले. म्हणजे बाहेरच्या हॉटेलच्या खोलीतच बसले म्हणायचं. "हेच बरंय," मोजणीदार म्हणाले. "साठच पावलं. तेवढं मी धरून नेईन."

"इथे मला झोप लागेल," सिस्टर म्हणाल्या. "झोपायला एवढ्या लांब कशाला जायचं? वॉर्डात रात्री दोन-अडीचला खिडकीत उभी राहायचे ना मी, तर सगळं गाव मेल्यासारखं झोपलेलं. वाटायचं, जगात मी एकटीच जागी आहे. तेव्हा एक पेशंट होता, त्याने सांगितलं होतं की असं एक शहर आहे, तिथे रात्रभर कुणी झोपत नाही. तेव्हापासून मनात आहे माझ्या. तिथे मधोमध बसायचं, चहा घ्यायचा, आजूबाजूला सगळे जागे, सगळे कामाला लागलेले, आणि मी ड्यूटीवर नाही."

चाळीस वर्षांत त्या हे पहिल्यांदा बोलल्या होत्या. आपल्याला हे कधी विचारावंसं वाटलं नाही, म्हणून मोजणीदारांना लाज वाटली, आणि त्यांनी ते तसंच बोलूनही दाखवलं. मग त्यांनी मैदानाकडे पाहिलं. पोस्टमन एव्हाना मशीनच्या रांगेतून वळणं घेत फिरत होते, बरेच रमले होते.

"मग मधलंच घ्यायचं," मोजणीदार म्हणाले. "व्हीलचेअर मागू."

"अजिबात नाही."

"एकतीस वर्षं लोकांना बसवलंस ना त्यात?"

"म्हणूनच नाही."

"मी ढकलीन."

"तुम्ही? उंबरठा आला की थेट आदळाल. उंबऱ्यावर खुर्ची उलटी फिरवून न्यायची असते. उतार लागला तरी उलटीच. आणि बसलेल्याला न सांगता ब्रेक काढायचा नाही, घाबरतो माणूस."

"बघ, मला यातलं काहीच येत नाही," मोजणीदार म्हणाले. "तू नाही शिकवलंस तर कोण शिकवणार?"

आपण किती माणसांना त्या खुर्चीत बसवलं होतं, ते सिस्टरना आठवत होतं. हमाल, वकील, एक पैलवान तर रडलाच होता. सगळ्यांना त्या सांगायच्या, तुमचे पाय बरे होईस्तोवर माझे वापरा, भाडं नाही. ते बिचारे ऐकायचे. आज पहिल्यांदा त्यांना कळत होतं की ते ऐकायला किती जड जात असेल, आणि तरी त्या लोकांनी आपल्यावर भरवसा ठेवला होता.

तेवढ्यात मोजणीदारांच्या खिशातला फोन वाजला. लेक होती. बारा वाजत आले होते.

"मधलं घे," मोजणीदार फोनवर म्हणाले. "हो, मधलंच. आणि एक व्हीलचेअर लागेल, ती सांगून ठेव त्यांना."

पलीकडून लेकीचा घाबरलेला आवाज सिस्टरनाही ऐकू आला. "व्हीलचेअर? बाबा, काय झालं तुम्हाला? आई कुठेय? तिने मला काहीच कसं सांगितलं नाही?"

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी फोन पुढे केला नाही आणि स्वतःही काही बोलले नाहीत. लेक पलीकडून "बाबा, बाबा" करत राहिली.

सिस्टरनी हात लांब करून फोन घेतला.

"बाबांना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत. खूप दुखतं गं."