गुण आला म्हणायचं

लहानपणी शाळेत लस टोचणाऱ्या बाई आल्या की मी खिडकीतून पळायचो. तोच मी पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःच्या पायाने धुळ्यातल्या एका गल्लीत गेलो आणि कानाच्या पाळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सुया टोचून घेतल्या. हे ऐकून बायको आधी खूप हसली, मग तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मी लग्नात माईकवर बोलणारा माणूस. वरपक्षाला चिमटे काढायचे, वधूपक्षाची समजूत घालायची, जेवणं होईपर्यंत मांडव जागा ठेवायचा. माईक धरून धरून कोपर दुखायला लागलं होतं, हे निमित्त. खरं कारण माझी अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून अमळनेरला एकटी राहते. मुलगी सुरतेला दिलीय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली की अक्का तिच्यासाठी खापरावर मांडे करते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पोळी मात्र फाटत नाही. गेल्या आखाजीला मांडे झाले, पण अक्का चुलीपुढून उठली नाही. कंबरेतून निघालेली कळ डाव्या नडगीवरून थेट अंगठ्यात उतरली होती. मुलीनं आणि शेजारणीनं तिला उचलून खाटेवर ठेवलं.

अमळनेरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कंबरेचा एमआरआय करायला सांगितलं. गोळ्या अक्कानं घेतल्या. एमआरआयचं नाव काढलं की म्हणायची, "त्या नळकांडामा मी जावाव नही. मरानं व्हई तं आठेच मरसू." मग कुणीतरी तिला धुळ्याच्या सुईवाल्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला ती एसटीनं धुळ्याला यायची, मी तिला स्टँडवर घ्यायचो आणि रिक्षानं तिकडे न्यायचो.

काय ती जागा! बाहेर बाकांवर माणसं, आत पडदे लावलेल्या खाटा, आणि खाटांवर साळिंदरासारखी शांत पडलेली मंडळी. डॉक्टर दार उघडून बाहेर यायचे आणि हसून विचारायचे, "काय मंडळी, फरक?" सगळा बाक एका सुरात म्हणायचा, "फरक शे!" माईकवर आयुष्य घालवलेल्या माणसाला असं पब्लिक स्वप्नातसुद्धा मिळत नाही. मी पहिल्याच दिवशी खूश झालो.

बाकावर पॉवरलूमवर काम करणारे एक चाचा असायचे. मागावर वाकून वाकून त्यांची मान आखडली होती. मी त्यांना हळूच विचारलं, "चाचा, खरंच गुण येतो का?"

"सच बोलू भाऊ? सुई के बाद चार दिन गर्दन ऐसी घूमती, के बीवी बोलती, आगे देख के चलो, इधर उधर क्या देखते!"

"आणि चार दिवसांनी?"

"फिर लूम, फिर गर्दन, फिर सुई."

माझ्या मते त्या बाकावरची सर्वांत खरी साक्ष हीच.

त्यांच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजायची. दर आठवड्याला तेही खणखणीत आवाजात "फरक आहे" म्हणायचे. एकदा बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं, "गुरुजी, शिट्टी थांबली?"

"छे हो, तशीच वाजतेय."

"मग आत फरक आहे म्हणालात?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. "अहो, तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यांचा हातगुण जाईल ना!"

रिक्षात मी हा किस्सा अक्काला अगदी नकलेसह ऐकवला. ती हसली नाही. म्हणाली, "गुरुजी बरोबर बोलनात. दवा देणाराले तोंडवर नही म्हनतस का, येडा?"

आमच्याकडची ही रीतच आहे. हाडं बसवणारा असो की मोठा सर्जन, ज्यानं अंगाला हात लावला त्याला 'गुण नाही' म्हणायचं नाही. नसेल पटत तर गुपचूप दुसरीकडे जायचं. ते ऐकून मला एक शंका आली. सगळा बाक 'फरक शे' म्हणणार असेल, तर सुयांचा गुण कुणाला खरा आला हे कळायचं कसं? पण शंका आली तशी गेली, कारण तिच्यावर फार छान किस्सा होत होता आणि तो मी दोन हळदींत सांगितलाही.

स्वतः टोचून घेतलं त्याचंही सांगतो. सुई लागते तेव्हा मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथं जड जड वाटतं. फोन बाहेर, पंखा डोक्यावर, कुणी बोलायला नाही. मी चक्क घोरलो. उठलो तेव्हा कोपर हलकं होतं. संध्याकाळी माईक पेलला, दुसऱ्या दिवशी दुखणं परत दारात हजर. डॉक्टरांना म्हटलं, "हा सुईचा गुण की झोपेचा?"

ते हसले. "खरं सांगू? दुखण्यात काहींना आराम पडतो. त्यातला किती सुईचा, किती निवांत पडण्याचा, किती माझ्या बोलण्याचा, ते मलाही वेगळं काढता येत नाही. पण मणक्यात शीर दबली असेल तर सुई तिला मोकळं करत नाही. बहिणीचा एमआरआय आणा."

मला तो माणूस आवडला. एमआरआयचं ते दर खेपेला सांगायचे. अक्का दर खेपेला म्हणायची, "फरक शे ना डॉक्टर, कसाले तो खर्च?" आणि तिची कळ खरोखरच कमी होत चालली होती. ती एसटीच्या पायऱ्या दात न आवळता चढायला लागली, रात्री झोपायला लागली. मी सुरतेला भाचीला फोन लावून ओरडलो, "तुझी आई पुढच्या आखाजीला मांड्यांबरोबर नाचेल बघ!"

मग एक दिवस धुळे स्टँडवर अमळनेरची गाडी लागली. अक्का उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि चालायला लागली. मागून कंडक्टर ओरडला, "ओ मावशी! एक चप्पल गाडीतच ठेवली की! परत जायचं तिकीट समजू का?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, तोंडाशी वाक्यसुद्धा तयार होतं. तेवढ्यात अक्का खाली पाहायला लागली. डावा पाय अनवाणी होता. दुपारची वेळ, डांबर तापलेलं. तिला ते कळलंच नव्हतं.

कंडक्टरनं आणून दिलेली चप्पल मी हातात घेतली. अंगठ्याकडची कड घासून घासून पातळ झाली होती. उजवी होती तशीच.

"अक्का, पाय दुखतोय का?"

"नही रे. आते तं मुळीच दुखत नही."

दवाखान्यात बाकावर न बसता मी तिला सरळ आत नेलं. डॉक्टरांनी चप्पल पाहिली, मग तिला टाचांवर चालायला सांगितलं. उजवा पंजा वर उचलला गेला. डावा फरशीवर फट्‌कन आपटला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा फट्.

"केव्हापासून, अक्का?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "दुखनं कमी व्हयनं तवपासून."

"मला सांगायचं ना!"

"तुम्ही फरक इचारतस, डॉक्टर. तुम्हले कसं नही म्हनू?"

डॉक्टर खाली बसले. सुयांचा डबा उघडा होता, तो त्यांनी बंद केला. "मी फरक विचारत राहिलो," ते स्वतःशीच म्हणाले, "पाऊल उचलतं का ते विचारलंच नाही." मग माझ्याकडे वळले, "आजच्या आज जळगावला न्या. सुई बंद."

अक्का शेवटी त्या नळकांड्यात गेली. ऑपरेशन झालं. जळगावच्या सर्जननं मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, "शीर फार दिवस दबली होती. कळ कळवायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती, म्हणून दुखणं थांबलं. पावलात ताकद परत येईलही, नाही येणार असंही होईल. थांबून बघावं लागेल."

चाचा अजून सुया घेतात. परवा भेटले तेव्हा त्यांची मान छान फिरत होती. म्हणाले, "भाऊ, डॉक्टर साब ने 'फरक' पूछना छोड दिया. अब बोलते, कौनसा काम नहीं होता वो बताओ. पूरा बाक गूंगा हो गया!"

ऑपरेशननंतर अक्का अमळनेरला परतली. आता बुटात प्लॅस्टिकचा आधार घालून चालते. काल गेलो होतो. ती खाटेवर पाय पसरून बसली होती. मला पाहून म्हणाली, "पाहा, अंगठा हालस." आणि ओठ मिटून, कपाळावर आठ्या आणून जोर लावला. मी वाकून पाहिलं. अंगठा हलला नाही.

"हालना ना? फरक शे ना?"

अख्ख्या खानदेशातल्या मांडवांत मी हो म्हणत आलोय. बसलेल्या आवाजाला गोड म्हटलंय, चाळिशीच्या नवऱ्याला राजबिंडा म्हटलंय. माझ्या तोंडाला हो म्हणायची सवय आहे.

"नाही, अक्का. नाही हलला."

तिनं पाय आखडून घेतला. पदराखाली झाकला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही उठलो नाही. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कंबर दुखस रे. पहिलापासून दुखस."

"कुठं?"

तिनं माझा हात धरून मागे नेला आणि पाठीच्या कण्याच्या अगदी खाली ठेवला. "आठे," ती म्हणाली. "आनि रातले आठे बी." मी हात तिथंच ठेवला, आणि ती एकेक जागा सांगत गेली.