पियानोच्या डाव्या बाजूला

आम्ही पाच बायका गायचो आणि सर पियानो वाजवायचे. सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेल्या, मुलगा परदेशात. सुरतेत अडाजणच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याची निम्मी जागा खाऊन बसलेला एक उभा पियानो होता. तो कुणीतरी ऐकावा म्हणून त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या गाणाऱ्या बायकांना दर शनिवारी घरी बोलवायला सुरुवात केली. बाकीच्या चौघी पुण्या-नाशकाकडच्या, कुणी बँकेत, कुणी ऑफिसात. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझे वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते कापडाच्या लूमवर काम करायला, आणि आम्ही राहतो शहराच्या कडेला, कोसाडला.

माझा आवाज जाड आहे. लहानपणापासून ऐकत आले, बाईमाणसाचा आवाज असा नसावा. सरांनी मात्र पहिल्याच दिवशी मला थांबवलं आणि म्हणाले, "हा आवाज मला हवा होता." ते गाणी स्वतः बसवत. एकीला वरचा सूर, तिघींना मधला, आणि मला सगळ्यांच्या खाली चालणारा. "हे जोतं आहे," ते बाकीच्यांना सांगत. "दिसत नाही, पण घर त्याच्यावर उभं राहतं." शाळा, स्वयंपाक, वडिलांचं दुखणं, या सगळ्यातून शनिवारी दोन रिक्षा बदलून मी जायचे ती या एका वाक्यासाठी, असं म्हटलं तरी खोटं नाही.

वरचा सूर वहिनींचा. मंडळाच्या अध्यक्षांच्या त्या पत्नी, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी. आवाज गोड, स्वच्छ, आणि तो तसा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक. सुरुवातीच्या दिवसांत एकदा गाण्याच्या भरात माझ्या तोंडून 'आभाळ'चं 'आभाय' झालं. आमच्या घरच्या, धुळ्याकडच्या बोलीत ळ नसतोच, त्याचा य होतो. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर मात्र ते गाणं निघालं की वहिनी न चुकता म्हणायच्या, "आभाळ हं गं, आभाय नाही." वर्गात रोज पोरांचे ळ घासूनपुसून घेणारी मी, दोन वर्षं हे ऐकून हसत राहिले.

मंडळाच्या वर्धापनदिनासाठी आमची गाणी रेकॉर्ड करायची ठरली. पियानो घराबाहेर हलवणं शक्य नव्हतं, म्हणून सरांच्या घरीच. रेकॉर्डिंगवाले भाई गुजराती, पन्नाशीचे, एरवी गरबा आणि भजनं करणारे. रविवारी सकाळी त्यांनी आधी पंखे, फ्रिज, सगळं बंद करायला लावलं, मग खोलीत फिरून टाळ्या वाजवून ऐकलं. पियानो भिंतीपासून पुढे ओढायला लावला. उभ्या पियानोचा आवाज पाठीतून निघतो, तो भिंतीत कोंडला तर घुमतो, म्हणाले. पाठीमागे त्याच्यासाठी एक माइक लावला. आम्हाला सरांकडे तोंड करून कमानीसारखं उभं केलं आणि समोर, थोड्या अंतरावर, डोक्याच्या जरा वर, एकाच स्टँडवर दोन माइक जोडून लावले.

"माइक के पास मत आना," ते म्हणाले. "एक-दूसरे को सुनो. बैलेंस आप लोग खड़े-खड़े करोगे, मशीन नहीं करेगी."

एक कडवं गाऊन घेतलं. मग त्यांनी वहिनींना अर्धं पाऊल मागे घेतलं आणि मला मधोमध आणलं. पुन्हा गायलो. घामानं ब्लाउज पाठीला चिकटले होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं. भाईंनी ते स्पीकरवर लावलं.

आपण गातो ते बाहेरून कसं वाटतं, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. पाच आवाज वेगळे निघेनात. पियानो मागून येत होता, शेजारच्या खोलीत दिवा असावा तसा. आणि खाली मी होते. जाड, संथ, आणि सुंदर. हो, सुंदर. त्या दिवशी स्वतःबद्दल हा शब्द मनात आला आणि मला त्याची लाजही वाटली नाही. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

वहिनी म्हणाल्या, "छान आहे. पण यात मी कुठंय?"

"बेन, आ ग्रुप छे के सोलो?" भाई हसून म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. सरांजवळ जाऊन आवाज खाली करून, पण मी ऐकू शकेन इतपतच खाली करून म्हणाल्या, "मधोमध हिचाच आवाज येतोय, सर. आणि उच्चारांचं काय? हे बाहेरगावी जाणार, लोक ऐकणार."

मी विचारलं, "कुठला उच्चार चुकला, वहिनी? सांगा ना. परत लावून ऐकू."

"अगं, चुकला असं नाही," त्या म्हणाल्या. "पण कळतं ना."

कळतं ना. चूक असती तर सुधारता आली असती. मी सरांकडे पाहिलं. ते पियानोवरचे कागद उगाच खालीवर करत होते.

"आपण जरा जागा बदलून बघू," ते म्हणाले.

मग सगळंच बदललं. वहिनींसमोर, तोंडापासून वीतभर अंतरावर, त्यांचा वेगळा माइक आला. जोडमाइक उरलेल्या तिघींकडे वळवले. आणि मला पियानोच्या डाव्या बाजूला, कोपऱ्याआड उभं केलं. तिथे पियानोच्या जाड तारा असतात. तिथला माइक पियानोचा होता, त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

भाईंनी स्पष्ट सांगितलं, "सर, वहाँ इनकी आवाज़ नहीं आएगी. आपके लेफ्ट हैंड में दब जाएगी."

"थोड़ी आएगी," सर म्हणाले. "चलेगा."

निघून जावं असं वाटलं. गेले नाही. घरी वडिलांना सांगून आले होते की आज माझा आवाज रेकॉर्ड होणार. मी सगळी गाणी शेवटपर्यंत, पूर्ण गळ्यानं गायले. पियानोच्या लाकडाला हात टेकला होता. तारांचा थरार तळहाताला लागत होता. माझा आवाज मला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

वर्धापनदिनानंतर गाणी सगळ्यांच्या फोनवर आली. वडिलांचा एक कान लूमच्या खडखडाटात कायमचा गेलाय. त्यांनी फोन दुसऱ्या, चांगल्या कानाला लावला, डोळे मिटले आणि गाणं पूर्ण ऐकलं. मग दुसरं ऐकलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "यामा तुना आवाज कोठे शे, बाई?"

मी म्हटलं, "आहे. खाली आहे. नीट ऐका."

त्यांनी पुन्हा लावलं. मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळानं तिथूनच ऐकू आलं, "हां, शे, शे." ते खोटं बोलत होते.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी सरांकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच विचारलं, "सर, तुम्हाला ते पहिलं आवडलं होतं. मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, "वहिनी दुखावल्या असत्या तर गट मोडला असता. शनिवारी इथे कोण आलं असतं?"

"आणि मी?"

"तू समजूतदार आहेस," ते म्हणाले. "आणि खालचा सूर... तो पियानोत असतोच गं थोडाफार."

त्यांच्या एकटेपणाची मला कल्पना होती. पण ते एकटेपण त्यांनी माझ्या बदल्यात टाळलं, आणि वर मला समजूतदार म्हणाले. चहा न घेता मी निघाले. पुन्हा गेले नाही.

गट मोडला नाही. माझ्या जागी दुसऱ्या एक बाई आल्या, आवाज बारीक आहे म्हणतात. कार्यक्रम होतात, टाळ्या पडतात. मला वाटलं होतं, मी नसल्याचं कुणाला तरी जाणवेल. तसं काही झालं नाही.

मध्यंतरी पर्वत पाटिया भागातल्या साड्यांच्या दुकानात वहिनी भेटल्या. मला पाहून खरोखर आनंदल्या, हात धरला. "अगं, होतीस कुठे? किती आठवण काढतो आम्ही तुझी! गाणं असं सोडू नये."

मी म्हटलं, "त्या रेकॉर्डिंगनंतर मन उडालं, वहिनी. मला कोपऱ्यात उभं केलं होतंत."

त्यांना क्षणभर काही आठवेना. मग म्हणाल्या, "अय्या, तेवढ्यावरून? जागा कमी होती गं सरांकडे." आणि हातातली हिरवी साडी माझ्या खांद्यावर टाकून, मान कलती करून विचारू लागल्या, "बघ, हा रंग मला शोभेल का?"

मी म्हटलं, "शोभेल."